साधनापुढची टीप : विद्यार्थ्यांच्या इतिहास-प्रकल्पातील सटीप संदर्भसूचीचा आढावा

विद्यार्थ्याच्या इतिहास-प्रकल्पाचे शेवटचे पान बहुधा सर्वांत घाईत लिहिलेले असते. 'संदर्भ' असे शीर्षक, त्याखाली पाच-सहा पुस्तकांची नावे आणि शेवटी 'इंटरनेट'. तपासणाराही त्या पानावर फारसा थांबत नाही. मात्र हे पान वेगळ्या प्रकारे लिहून घ्यावे, असा आग्रह आता शाळा-महाविद्यालयांत वाढतो आहे. प्रत्येक साधनाखाली दोन-चार ओळींची टीप हवी. हे साधन कोणाचे, कधीचे, कशासाठी लिहिलेले, प्रकल्पात त्यातून काय घेतले आणि त्यावर भरवसा किती ठेवावा, एवढे तिने सांगायचे. अशा यादीला सटीप संदर्भसूची म्हणतात.

हा आग्रह वाढण्याची कारणे सरळ आहेत. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या बारावीच्या इतिहासात प्रकल्पाला २० गुण आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पदवीच्या अभ्यासक्रमातही क्षेत्र-प्रकल्प आणि संशोधन-प्रकल्प आले. अमेरिकेत १९७४ साली क्लीव्हलँडच्या विद्यापीठातून सुरू झालेल्या 'नॅशनल हिस्टरी डे' या विद्यार्थी-स्पर्धेत तर सटीप सूची सक्तीची आहे, आणि त्या स्पर्धेचे नमुने आपल्याकडच्या शिक्षकांपर्यंतही पोहोचले आहेत. तरीही टीप नेमकी कशासाठी आणि ती कशी लिहावी, याबद्दल एकमत नाही. त्या मतभेदांचा हा आढावा आहे. उदाहरणे मुद्दाम अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर या पट्ट्यातली घेतली आहेत. इथल्या इतिहासाची साधने पुस्तकांत कमी आणि दगडांत, दप्तरांत, माणसांच्या आठवणींत जास्त आहेत, त्यामुळे या पद्धतीची कसोटी इथे चांगली लागते.

दोन परंपरा

साधनांवर टीप लिहिणे ही परदेशातून आलेली रीत आहे, असा समज दिसतो. महाराष्ट्रापुरता तो बरोबर नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत बखरींतील मजकूर अस्सल पत्रांशी ताडून पाहिला होता. जदुनाथ सरकारांच्या १९१९ च्या शिवचरित्राला जोडलेल्या साधनसूचीत प्रत्येक बखरीचे आणि कागदाचे मोल ठरवलेले आहे, काहींचे तर फार कडक शब्दांत. वा. सी. बेंद्रे यांनी १९२८ मध्ये 'साधन-चिकित्सा' हा ग्रंथच या कामासाठी लिहिला. साधन कोणत्या हाताने, कोणत्या काळी, कोणाच्या सांगण्यावरून लिहिले गेले हे विचारायची सवय मराठी इतिहासलेखनाला शंभर वर्षांहून जुनी आहे.

दुसरी परंपरा ग्रंथालयांची. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची केली, पुढचा खंड १९५० पर्यंत आणला. दात्यांचे काम ग्रंथाचा निवाडा करण्याचे नव्हते. ग्रंथ आहे, अमुक साली निघाला, अमुक विषयाचा आहे, हे चोख नोंदवणे हा त्यांचा धर्म होता. तो त्यांनी इतक्या निष्ठेने पाळला की आजही जुन्या मराठी पुस्तकाचा माग काढताना तिथूनच सुरुवात करावी लागते.

विद्यार्थ्याची सटीप सूची या दोन वाटांच्या संगमावर उभी आहे, आणि आजचे बहुतेक मतभेद तिथूनच निघतात. ग्रंथपाल म्हणतात, टीप वर्णनात्मक असावी: पुस्तकात काय आहे ते नेमके सांगा, निवाडा वाचकावर सोडा. इतिहासाचे शिक्षक म्हणतात, निवाडा नसेल तर टीप कशाला? तिसरी भूमिका स्पर्धांच्या नियमांतून आली आहे: वर्णन नको, निवाडाही लांबलचक नको, हे साधन माझ्या प्रकल्पाला कसे उपयोगी पडले तेवढे विद्यार्थ्याने सांगावे.

तिन्ही भूमिकांत तथ्य आहे. वर्णनाचा आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणे असे की सोळा-सतरा वर्षांच्या मुलाकडून राजवाड्यांच्या किंवा सरकारांच्या ग्रंथावर अभिप्राय मागणे अन्यायाचे आहे. तो अभिप्राय कुठून तरी उचललेलाच असणार. निवाड्याच्या बाजूचे उत्तर देतात की मुलाला ग्रंथावर नव्हे, एका विधानावर मत द्यायचे आहे, आणि तेवढे तो देऊ शकतो. उपयोगाची भूमिका सर्वांत व्यवहारी आहे. पण 'या पुस्तकातून मला खूप माहिती मिळाली' असल्या ओळी तिच्यातूनच जन्माला येतात.

अंबरनाथचा शिलालेख

हा वाद पोकळीत सोडवण्यापेक्षा एका उदाहरणावर घासून पाहणे बरे. अंबरनाथचे शिवमंदिर कधी बांधले, हा इथल्या शाळांतला आवडता विषय. सोपे उत्तर सर्वांना ठाऊक आहे: इसवी सन १०६०, उत्तर कोकणचे शिलाहार. काम छित्तराजाच्या वेळी सुरू झाले आणि मुम्मुणीच्या काळात पुरे झाले, असे सर्वसाधारणपणे मांडले जाते. पण हे साल आले कुठून?

ते मंदिरातल्या शिलालेखातून आले, आणि पहिल्याच वाचनात आले नाही. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकाच्या नवव्या खंडात हा लेख प्रसिद्ध केला, तेव्हा शक ७८२ असे वाचले, म्हणजे इसवी सन ८६०. पुढे त्यांच्याच हाताखाली तयार झालेले पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्याच नियतकालिकाच्या बाराव्या खंडात शक ९८२ असे वाचन दिले. एका आकड्याने मंदिराचे वय दोनशे वर्षांनी बदलले. मुम्मुणी अकराव्या शतकातला राजा असल्याने शिलाहारांच्या वंशक्रमाशी दुसरेच वाचन जुळते. वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांचे सगळे लेख एकत्र संपादित केले. तो इंग्रजी खंड १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि मराठीतही त्यांचा 'शिलाहार राजवंशाचा इतिहास आणि कोरीव लेख' हा ग्रंथ आहे. मंदिराच्या वास्तूविषयी हेन्री कझिन्स यांचे १९३१ चे दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरचे पुस्तक आहे. आणि पांडवांनी एका रात्रीत हे देऊळ उभे केले, ही वालधुनी नदीच्या काठावर आजही ऐकायला मिळणारी कथा आहे.

आता या साधनांची सूची टिपांवाचून केली तर काय होईल? भाऊ दाजी, भगवानलाल, मिराशी, कझिन्स ही नावे वर्णक्रमाने एकाखाली एक येतील आणि चौघांचे वजन सारखेच दिसेल. ज्याच्या हाती फक्त नववा खंड लागला तो मुलगा ८६० लिहील आणि त्याचा संदर्भ बिनचूक असेल. टीप असेल तर ती साधारण अशी होईल: 'लेखाचे पहिले प्रसिद्ध वाचन. शक ७८२ हे साल पुढे भगवानलाल इंद्रजींनी दुरुस्त केले, म्हणून कालनिर्णयासाठी हा लेख वापरला नाही. लेखाचा शोध आणि संशोधनाचा आरंभ दाखवण्यासाठी वापरला.' पांडवांच्या कथेखाली: 'परिसरात सांगितली जाणारी कथा. बांधकामाचा पुरावा म्हणून नव्हे, लोक मंदिराकडे कसे पाहतात हे दाखवण्यासाठी घेतली.'

या दोन टिपांत वर्णन आहे, निवाडा आहे आणि उपयोगही आहे. मुलाने भाऊ दाजींच्या विद्वत्तेवर काहीही म्हटलेले नाही. एका विधानाची जागा ठरवली आहे, इतकेच. माझ्या मते तिन्ही पक्षांतला झगडा इथे बराचसा मिटतो. टिपेचा विषय ग्रंथ नसावा, ग्रंथातून उचललेले विधान असावे. असे ठरवले की कोवळ्या वयाची अडचण उरत नाही आणि उसनी वाक्येही फारशी कामाला येत नाहीत.

प्राथमिक आणि दुय्यम : कुंपण कुठे घालायचे

स्पर्धांचे नियम साधनांचे दोन ढीग करायला सांगतात: प्राथमिक आणि दुय्यम. शिकवायला हे सोपे आहे. जमिनीवर मात्र अडते.

ठाणे जिल्ह्याचे जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली निघालेले १८८२ चे गॅझेटियर घ्या. शिलाहारांसाठी ते दुय्यम साधन आहे, कारण आठशे वर्षांनंतर लिहिलेले आहे. पण १८८० च्या सुमाराचा इथला शेतसारा, जंगल, जातींची वर्णने आणि त्या वर्णनांमागची राज्यकर्त्यांची नजर अभ्यासायची असेल तर तेच प्राथमिक साधन ठरते. कल्याणहून खोपोलीकडे जाणारी आगगाडी १८५६ साली सुरू झाली आणि अंबरनाथ-बदलापूर त्या मार्गावर आले. त्या बदलाचा अभ्यास करणाऱ्याला गॅझेटियर कधी या ढिगात, कधी त्या ढिगात टाकावे लागते.

काही शिक्षक अशा वेळी मुलांना एकच ढीग निवडायला लावतात, नियम मोडू नये म्हणून. दुसरे म्हणतात, साधन दोन्हीकडे नोंदवा आणि टिपेत कारण द्या. तिसरा पक्ष ही विभागणीच सोडावी म्हणतो: साधनाचा प्रकार प्रश्नावरून ठरतो, तर सूचीही प्रश्नांच्या क्रमाने लावावी. तर्काच्या दृष्टीने हे शेवटचे म्हणणे मला सर्वांत पटते. नववीच्या वर्गासाठी मात्र दोन ढीग ठेवून टिपेत कारण लिहून घेणे हाच चालणारा मार्ग आहे.

उल्हासनगर : आठवण हे साधन

दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे राहू लागली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि छावणीचे उल्हासनगर झाले. आजही पत्ता सांगताना लोक कॅम्प नंबर सांगतात. छावणीची आखणी बोलण्यात टिकून आहे.

या शहरावर प्रकल्प करणाऱ्या मुलाला छापील साधने मिळतात: जनगणनेचे जिल्हा-ग्रंथ, राज्य सरकारचे नंतरचे ठाणे गॅझेटियर, सिंधी निर्वासितांच्या एकूण कहाणीसाठी नंदिता भावनानी यांचे २०१४ चे पुस्तक. पण बराकीतले दिवस कसे गेले, पहिली गाडी लावायला भांडवल कुणी दिले, पाण्याच्या रांगा कुठे लागत, हे आजी-आजोबांकडेच आहे. त्या पिढीतली माणसे आता फार थोडी उरली आहेत. यामुळे तोंडी साक्षीचा प्रश्न इथे वर्गातल्या चर्चेपुरता राहत नाही.

मुलाखत सूचीत घ्यावी का? शिकागो पद्धतीसारख्या काही संदर्भ-पद्धती अप्रकाशित मुलाखतीची नोंद तळटिपेत करतात, सूचीत सहसा घेत नाहीत, कारण वाचकाला ती परत तपासता येत नाही. विद्यार्थी-स्पर्धा ती सूचीत मागतात. उर्वशी बुटालिया यांच्या फाळणीवरच्या १९९८ च्या पुस्तकानंतर आपल्याकडेही हे मान्य झाले आहे की सरकारी कागदांत न आलेले बरेच काही आठवणीत असते. त्याच वेळी आठवण बदलते, इतरांकडून ऐकलेले आपले होऊन बसते, हेही संशोधक सांगतात. टिपेत म्हणूनच तीन गोष्टी याव्यात: सांगणाऱ्याचे त्या वेळचे वय, प्रत्यक्ष पाहिलेले कोणते आणि ऐकलेले कोणते, आणि मुलाखत कोणत्या भाषेत झाली. दहा वर्षांच्या मुलाने पाहिलेली छावणी आणि तीस वर्षांच्या बापाने पाहिलेली छावणी वेगळी असते.

नावाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. एक बाजू म्हणते, नाव नसलेल्या साक्षीला साधन म्हणू नये. दुसरी म्हणते, शाळेच्या प्रकल्पासाठी कुणाच्या घरातले हरवलेले दागिने, दुरावलेली माणसे नावानिशी कागदावर का यावीत? लेखी संमती घ्यावी आणि सांगणाऱ्याची इच्छा असेल तर फक्त आद्याक्षरे द्यावीत, असा मध्यम मार्ग काही महाविद्यालयांत पाळतात. विद्यार्थ्यांच्या पातळीवर मला तोच योग्य वाटतो.

याला एक भाषेचा पदरही आहे. सिंधीला १९६७ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, पण अरबी वळणाच्या लिपीतले जुने सिंधी कागद आज उल्हासनगरच्या बहुतेक मुलांना वाचता येत नाहीत. आजोबांनी वाचून दाखवलेले पत्र सूचीत घेताना 'मूळ मी वाचलेले नाही, वाचून दाखवले त्यावरून घेतले' ही ओळ हवीच. ती लिहिणाऱ्या मुलाचे गुण कापले जाऊ नयेत, वाढावेत.

आनंदनगर : कागद आणि त्यांची बाजू

अंबरनाथच्या पूर्वेला आनंदनगर हे अतिरिक्त अंबरनाथ औद्योगिक क्षेत्र. अंबरनाथचे कारखानदारीशी नाते त्याआधीचे आहे: विमकोचा काडेपेटीचा कारखाना १९२० च्या दशकातला, आयुध निर्माणी स्वातंत्र्यानंतरची. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि त्यानंतर या भागाचा चेहरा बदलत गेला. पण आनंदनगरवर लिहिलेले पुस्तक शोधायला गेलेल्या मुलाच्या हाती फारसे काही लागत नाही. त्याला राजपत्रातल्या भूसंपादनाच्या अधिसूचना, सातबारा उतारे, फेरफार नोंदी, कामगार संघटनांची पत्रके, कंपन्यांच्या स्मरणिका, वर्तमानपत्रांची कात्रणे आणि वालधुनी-उल्हास नद्यांच्या प्रदूषणाबाबतची न्यायालयीन कागदपत्रे गोळा करावी लागतात.

असे प्रत्येक साधन कुणाची तरी बाजू घेऊन उभे असते. स्मरणिकेत अपघात नसतो आणि पत्रकात मालकाने केलेली सोय नसते. फेरफार नोंद जमीन कुणाकडून कुणाकडे गेली हे सांगते, पण घरात त्यावरून काय बोलणे झाले ते सांगत नाही. टीप लिहिताना मुलाला ही बाजू ओळखावी लागते, आणि हे शिक्षण मला निबंधाहून मोलाचे वाटते. 'पत्रक एकतर्फी आहे म्हणून वापरले नाही' असे लिहिणारी मुले आढळतात. तिथे शिक्षकाने थांबवायला हवे. एकतर्फी साधनही साधनच असते, ते कशाचा पुरावा आहे एवढे सांगितले की झाले. पत्रक संपाच्या कारणांचा निर्णायक पुरावा नसेल, पण संघटनेने कामगारांना काय सांगितले याचा तो पक्का पुरावा आहे.

जाल आणि यंत्र

संकेतस्थळांवरचा वाद आता जुना झाला. विकिपीडिया सूचीत नको, पण तिथल्या तळटिपांवरून मूळ साधनापर्यंत जावे, यावर साधारण एकमत आहे. गॅझेटियरसारखे जुने ग्रंथ जालावर आल्याने एक नवी चूक मात्र रुळली आहे: १८८२ च्या ग्रंथापुढे फक्त संकेतस्थळाचे नाव आणि पाहिल्याची तारीख येते, मूळ साल गळून पडते. मग सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीचे मत आजचे वाटू लागते.

खरा पेच कृत्रिम बुद्धिमत्तेचा आहे. ही यंत्रे अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकांची नावे, लेखकासह आणि सालासह, खात्रीने देतात. काही शिक्षकांना त्यावर सरसकट बंदी हवी आहे. इतरांना वापर उघड करून घ्यावा असे वाटते. टीप सक्तीची केली की खोटे संदर्भ थांबतील, ही आशा फोल ठरली आहे, कारण टीपही त्याच यंत्राकडून लिहून मिळते. टिकणारा उपाय साधा दिसतो: प्रत्येक नोंदीत पृष्ठक्रमांक आणि प्रत कुठे पाहिली त्या ठिकाणाचे नाव. १८६४ पासूनचे कल्याणचे सार्वजनिक वाचनालय, १८९३ पासूनचे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय, श्याम जोशी यांनी बदलापुरात उभे केलेले ग्रंथसखा, मुंबईचे पुराभिलेखागार ही सगळी लोकलच्या अंतरावर आहेत. तोंडी परीक्षेत दोन प्रश्न विचारले की पुस्तक हातात घेतले होते की नाही ते कळते.

मांडणीच्या बारकाव्यांत फार अडकण्यात अर्थ नाही. आडनाव आधी की नाव आधी, मराठी आणि इंग्रजी नोंदी वेगळ्या की एकत्र, याबद्दल विद्यापीठांचे नियम वेगवेगळे आहेत. एक पद्धत घ्यावी आणि शेवटपर्यंत पाळावी. शकात दिलेले साल तसेच ठेवून पुढे इसवी सन द्यावे, एवढे मात्र अंबरनाथच्या शिलालेखाचा अनुभव पाहता आवश्यक आहे.

काय बाकी आहे

गुणांचा प्रश्न अनिर्णित आहे. सूचीला स्वतंत्र गुण दिले तर मुले नोंदी फुगवतात, न दिले तर लिहीत नाहीत. साठ-सत्तर विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येक टीप वाचायला शिक्षकाला वेळ कुठून मिळावा, याचे उत्तर कोणत्याही धोरणात नाही. वीस नोंदींऐवजी आठच मागाव्यात आणि त्या नीट वाचाव्यात, ही सूचना मला सर्वांत व्यवहार्य वाटते. पाहिलेली पण न वापरलेली साधने सूचीत घ्यावीत का, यावरही दोन मते आहेत. न वापरण्याचे कारण दिले असेल तर घ्यावीत, असे माझे मत आहे. कालनिर्णयासाठी बाजूला ठेवलेल्या भाऊ दाजींच्या लेखासारखी नोंद एरवी हरवून जाईल.

आणि एक प्रश्न असा आहे की ज्याची चर्चाच होत नाही: प्रकल्प तपासून झाल्यावर या सूच्या जातात कुठे? बहुतेक रद्दीत. एखाद्या मुलीने कॅम्प चारमधल्या आजींची साक्ष टिपेसह नोंदवलेली असते, कुणी आनंदनगरची फेरफार नोंद शोधून काढलेली असते, आणि पुढच्या वर्षीचा विद्यार्थी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूरच्या महाविद्यालयांनी आपापल्या इतिहास विभागात या सूच्यांची एक फाईल ठेवावी, संमतीपत्रे सोबत जोडावीत, आणि तिची एक प्रत जवळच्या सार्वजनिक वाचनालयात द्यावी. यासाठी निधी लागत नाही; येत्या वर्षीच्या प्रकल्पांपासून सुरुवात करता येईल.